साथीच्या आजारांची भरवशाची माहिती कुठे मिळेल? (सोसायटीसाठी हवीय)

मुलुंडचा_सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात सोसायटीचा सेक्रेटरी झालो (म्हणजे मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर बाकीच्यांनी ठरवून टाकलं होतं). बिल्डिंगमध्ये सध्या तीन डेंग्यू आणि एक लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), आणि ग्रुपवर नुसता धुमाकूळ चाललाय, एक जण पपईच्या पानांचा रस सांगतो, दुसरा म्हणतो फॉगिंगवाला बोलवा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात डेंग्यूवाल्या घरातल्या पोराला लिफ्टमध्ये घेऊ नका. मी बँकेतला माणूस, मला यातलं ओ की ठो कळत नाही. आजार कशाने होतो, कसा पसरतो, किती दिवस पसरतो हे सरळ लिहिलेलं एखादं पुस्तक किंवा साइट आहे का? नोटीस बोर्डावर लावायचंय, चुकलं तर माझीच अब्रू जाणार.

पीएसएमवाली:
आधी त्या पोराला लिफ्टमध्ये घ्या 🙂 डेंग्यू माणसाकडून माणसाला असा लागत नाही, मधे एडिस डास लागतो. पेशंटला मात्र ताप असेपर्यंत दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, कारण हा डास दिवसा चावतो आणि त्याला चावून दुसऱ्याला चावला की झालं काम.

पुस्तक विचारलंत तर एकच सांगेन, अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचं 'कंट्रोल ऑफ कम्युनिकेबल डिसीजेस मॅन्युअल'. 1917 पासून निघतंय. प्रत्येक आजाराचा साचा एकच, जंतू कुठला, तो मुक्कामाला कुठे असतो, माणसापर्यंत येतो कसा, लक्षणं दिसायला किती दिवस, पेशंटकडून कधीपर्यंत पसरतो, साथ आली तर काय करायचं. गोवर घ्या, पुरळ यायच्या 4 दिवस आधीपासून नंतर 4 दिवसांपर्यंत पसरतो. आता हा आकडा माहीत असला की शाळा कधीपासून यावर ग्रुपवर भांडण होणार नाही. नवीन आवृत्ती महाग आहे. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी मिळाली तरी घ्या, पसरण्याची माहिती सहसा फार बदलत नाही, फक्त औषधं आणि लसी त्यातून वाचू नका.

वडापाव_आणि_वैताग:
एवढं जाडजूड इंग्रजी पुस्तक सेक्रेटरी वाचणार आणि मेंबर ऐकणार, वा. आमच्याकडे दर शनिवारी फॉगिंग व्हायचं, धूर एवढा की आजीला दमा सुरू झाला, डास तेवढेच. वर्गणी मात्र गेली.

पीएसएमवाली:
@वडापाव जाणारच. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आठवड्यात नवी बॅच तयार. पुस्तक नको तर फुकटातलं सांगते. डेंग्यू, मलेरिया, चिकनगुनियाच्या गाइडलाइन्स केंद्राच्या कीटकजन्य रोग नियंत्रण केंद्राच्या साइटवर असतात, लेप्टोसाठी दिल्लीच्या एनसीडीसीची (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची) साइट, आणि साध्या भाषेत हवं असेल तर डब्ल्यूएचओच्या फॅक्ट शीट. पानावरची तारीख बघायची सवय लावा, फॉरवर्डला ती कधीच नसते.

परळचा_दादा:
मी पालिकेच्या हेल्थ पोस्टवर बरीच वर्षं काढली, दारोदार फिरून. पीएसएमवाल्या ताई बरोबर बोलतायत, पण नोटीस लावायच्या आधी टॉर्च घ्या आणि घराघरात फिरा. फ्रिजच्या मागे खाली ट्रे असतो, तो लोकांना माहीतच नसतो, ओढून टॉर्च मारला की अळ्या वळवळताना दिसतात. मनी प्लँटची बाटली, एसीचं पाणी, गच्चीवरच्या ताडपत्रीची घडी. पिंप नुसतं ओतून चालत नाही, एडिसची अंडी पाण्याच्या वर कडेला चिकटलेली असतात, सुकली तरी महिनोन् महिने टिकतात, काथ्याने घासायला लागतं. आठवड्यातून एक दिवस कोरडा. मलेरियाचा डास वेगळा, त्याला गच्चीवरची टाकी आवडते, म्हणून झाकण घट्ट पाहिजे आणि टाकीला शिडी पाहिजे, नाहीतर आमची माणसं वर चढणार कशी?

लेप्टो उंदीर, कुत्री, गुरांच्या मुतातून तुंबलेल्या पाण्यात येतो, पायाला जखम असली की आत. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने तो चांगलाच बघितलाय. अशा पाण्यातून चालत आलात तर 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी द्यायची का, किती दिवस, ते तोच ठरवेल. मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका, लहान मुलं आणि गरोदर बाईचं औषध वेगळं असतं.

पीएसएमवाली:
आणि नोटिशीत एक ओळ ठळक टाका: डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही, धोका बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो. पोट सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं की थेट हॉस्पिटल. तापाला पॅरासिटामॉल, ब्रुफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको. पपईचा रस पाजत घरी बसू नका एवढंच.

मुलुंडचा_सेक्रेटरी:
दादा, आज सकाळी टॉर्च घेऊन फिरलो. नऊ घरांत ट्रे ओढले, चार ठिकाणी अळ्या, त्यातलं एक घर माझंच, बायको अजून हसतेय. गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलंय आणि शिडी तर कधी नव्हतीच असं वॉचमन म्हणतो. मुलुंड-भांडुप पट्ट्यात लोखंडी शिडी बसवून देणारा फॅब्रिकेशनवाला कोणाच्या ओळखीत आहे का?