मदत हवी आहे: रडवणारी, पण उगाच कुणाला न मारणारी अॅनिमे मालिका सुचवा (आईसोबत बघायची आहे)

नमस्कार मंडळी,

इथे अॅनिमे (जपानी अॅनिमेशनपट आणि मालिका) बघणारे बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतेय. खाली 'क्लॅनड', 'व्हायोलेट एव्हरगार्डन' आणि 'अ प्लेस फर्दर दॅन द युनिव्हर्स' यांचे स्पॉइलर (गोष्ट आधीच फोडणारे तपशील) आहेत. ज्यांना बघायचंय त्यांनी थेट आईच्या परिच्छेदावर जावं.

कॉलेजपासून अॅनिमे बघतेय आणि रडवणाऱ्या मालिकांची मला आधीपासून ओढ. पण हल्ली नायिका दुसऱ्या-तिसऱ्या भागात चक्कर येऊन पडली की पुढचं सगळं कळून चुकतं आणि मी कोरडीच राहते. 'युअर लाय इन एप्रिल'मधलं संगीत अजून ऐकते, शेवटी पियानोवर वाजतो तो शोपँचा बॅलड तर कितीदा ऐकला असेल. गोष्टीने मात्र मला धरून ठेवलं नाही. 'आनोहाना'च्या शेवटच्या भागात तर पाचही जण इतक्या मोठमोठ्याने रडतात की मला रडायला काही शिल्लकच राहत नाही.

याउलट 'क्लॅनड: आफ्टर स्टोरी'चा १८वा भाग. नायक तोमोयाची बायको नागिसा दोन भाग आधीच गेलेली असते. मध्ये पाच वर्षं जातात, तोमोयाने लेकीकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं, पोरगी आजी-आजोबांकडे वाढते. मग बापलेक पहिल्यांदाच सहलीला जातात आणि फुलांच्या शेतात तिचा खेळण्यातला रोबो हरवतो. दुसरा घेऊन देतो म्हटलं तरी ती हलत नाही, कारण बाबांनी घेतलेली ती पहिलीच वस्तू. आजीने तिला सांगून ठेवलेलं असतं, रडायचं फक्त दोन ठिकाणी: बाथरूममध्ये किंवा बाबांच्या कुशीत. या भागात मरत कुणीच नाही. मला मात्र मध्येच थांबवून तोंड धुवून यावं लागलं.

'व्हायोलेट एव्हरगार्डन'चा १०वा भागही तसाच. आजारी आई लेकीच्या पुढच्या पन्नास वाढदिवसांसाठी व्हायोलेटकडून पत्रं लिहवून घेते (लोकांसाठी पत्रं लिहून देणं हेच तिचं काम). लोक त्या पत्रांवर रडतात. मला तुटायला झालं ते व्हायोलेट कचेरीत परतल्यावर. त्या घरी असताना तिने डोळ्यांतून टिपूस काढलेलं नसतं आणि इथे सहकाऱ्यांसमोर ती कोसळते. पहिल्या भागात जिला 'आय लव्ह यू' म्हणजे काय तेच उमगत नव्हतं, ती. आणि 'अ प्लेस फर्दर...'च्या १२व्या भागात शिरासे ही शाळकरी मुलगी अंटार्क्टिकात हरवलेल्या आईचा लॅपटॉप चालू करते आणि तिने स्वतःच आईला पाठवलेल्या हजारावर न वाचलेल्या मेल एकामागून एक येऊन पडत राहतात. आई जाऊन तीन वर्षं झालेली असतात. ती तेव्हा रडते.

तर मला हे असं उशिरा येणारं रडू हवंय. माणूस जातो तेव्हाचं नको, नंतर कधीतरी भलत्याच वेळी जे येतं ते.

आता आईबद्दल. ती पावसाळाभर माझ्याकडे असते आणि संध्याकाळच्या मराठी मालिकांना कंटाळली आहे. 'कार्टून काय बघायचं' म्हणत होती. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर लागायचा तो मोगलीही जपानीच होता म्हटल्यावर जरा नरमली. तिला 'क्लॅनड'चा तो एकच भाग दाखवला. इंग्रजी सबटायटल्स तिला झेपत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. शेतातल्या प्रसंगाला मला बोलवेना, तर ही म्हणते, "सांगू नकोस, कळतंय मला. त्या पोरीला जवळ घे म्हणावं आधी."

हवंय ते असं: फार लांब नको, संवाद धबधब्यासारखे नकोत (मला तोंडी भाषांतर करायचंय!), आणि आईशेजारी बसून नजर चुकवायला लावणारी दृश्यं नकोत. बाबांना जाऊन फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे दवाखान्यातले भाग तर नकोतच. 'फ्रिरेन' काढून ठेवली आहे, पण त्यातले राक्षस आणि जादू तिला पचेल का?

प्रतिसाद: लिंबूसरबत

'उसागी ड्रॉप' (२०११) डोळे मिटून लावा. फक्त ११ भाग. तिशीतला दाइकिची आजोबांच्या अंत्यविधीला जातो तर तिथे सहा वर्षांची रिन, आजोबांचीच मुलगी! नातेवाईक तिला कुठे ठेवायचं यावर वाद घालत बसतात आणि हा बाबा चिडून तिला घरी घेऊन येतो. मग पाळणाघर, शाळेची तयारी, रात्री अंथरूण ओलं होणं, ओव्हरटाइम नसलेल्या विभागात बदली मागून घेणं. सुरुवात अंत्यविधीने आहे तेवढं आईंना आधी सांगा, पुढे तसं काही नाही. मालिका संपली की थांबा. मूळ मांगा (चित्रकथा) पुढे भलतीकडेच जाते, त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद: रात्रपाळी

ताई, कुणीतरी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' सुचवेलच, त्याआधी सांगतो: आईंना नको. उत्तम आहे, पण त्यातला मुलगा सेइता मेलेला आहे हे पहिल्याच मिनिटात कळतं आणि तुम्ही त्याच्या धाकट्या बहिणीचं कधी काय होतं याची वाट बघत बसता. १९८८ साली जपानमध्ये हा सिनेमा आणि 'माय नेबर तोतोरो' एकाच खेळात जोडून दाखवले होते. पोराबाळांना घेऊन गेलेल्यांचं काय झालं असेल!

तुमच्या 'उशिरा येणाऱ्या रडू'साठी 'फ्रिरेन'च. पहिल्याच भागात दहा वर्षं सोबत हिंडलेल्या मित्राच्या अंत्ययात्रेत शेकडो वर्षं जगणारी नायिका फ्रिरेन रडते, कारण याला ओळखून घेण्याचा आपण प्रयत्नच केला नाही हे तिला तेव्हा उमगतं. उरलेली मालिका त्या रडण्याचा हिशेब आहे. राक्षस आहेत, पण पुराणं ऐकून वाढलेल्या बाईला राक्षसांचं काय अप्रूप? पहिल्या सीझनचे २८ भाग मात्र तुम्हाला लांब वाटतील. आणि बाबांचं म्हणालात म्हणून, पहिला भाग आधी एकट्याने बघून ठरवा.

प्रतिसाद: तळ्यातमळ्यात

मी 'नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स'ला मत देईन. २००८पासून सीझनवर सीझन येत आहेत, पण जवळजवळ प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, रोज एक बघून उठता येतं. अनाथ मुलगा, नातेवाइकांच्या घरोघरी फिरलेला. आजीने मागे ठेवलेल्या वहीत योकाईंची (जपानी लोककथांतल्या भुताखेतांची) नावं अडकली आहेत, तो ती एकेकाला परत देतो. संवाद शांत, भाषांतराला भरपूर वेळ.

दुसऱ्या भागात एक छोटा देव आहे. पूजा करणारी माणसं कमी होत जातात तसा तो आकाराने लहान होत जातो आणि शेवटी एकच म्हातारी उरते. माझ्या आईला हे समजावून सांगावं लागलं नाही, आमच्या गावच्या माळावरच्या म्हसोबाचं नाव घेऊनच ती बोलायला लागली. या भागात मरण आहे, हे आधीच सांगते. पण ते तुम्ही ज्याला कंटाळलात त्या जातीचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. 'उसागी ड्रॉप'चे पहिले दोन भाग काल लावले. अंत्यविधीच्या प्रसंगात आई गप्प होती. नातेवाइकांचा वाद सुरू झाल्यावर मात्र तिने आमच्याच नात्यातल्या दोघातिघांची नावं घेऊन शिव्या घातल्या आणि मालिका तिच्या पसंतीला उतरली! रिनने एकट्याने जाऊन फूल आणून ठेवलं तिथे मला रडू आलं, तिला नाही.

तळ्यातमळ्यात, 'नात्सुमे'चा तो दुसरा भाग इतक्यात नको वाटतोय. तो सोडून पहिल्या सीझनमधले कुठले भाग आधी दाखवू? आणि हिंदी डब असलेलं काही असेल तर तेही सांगा, माझा घसा बसलाय.