ऊर्जाचिकित्सेच्या संशोधनात कारकीर्द करता येईल का?

फोंड्याची विद्यार्थिनी

गोवा विद्यापीठातून मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. माझ्या आत्याच्या गुडघेदुखीवर रेकी, म्हणजे हातांतून ऊर्जा देऊन बरे करतात असे मानणारी ऊर्जाचिकित्सा, देणाऱ्या एक बाई दर शनिवारी घरी येतात. त्या गुडघ्यापासून वीतभर वर तळहात धरून बसतात, आत्या डोळे मिटून पडून राहते आणि अर्ध्या तासाने उठून स्वतः चहा टाकते. एरवी भिंतीला धरल्याशिवाय तिला उठवत नाही. हे डोळ्यांदेखत पाहिल्यापासून याच विषयात पीएच.डी. करावी असे मनात आहे. माझे मार्गदर्शक मात्र म्हणतात की, या वाटेने गेलीस तर शास्त्रज्ञ म्हणून कोणी दारात उभे करणार नाही. या क्षेत्रात प्रामाणिकपणे आयुष्य घातलेला कोणी शास्त्रज्ञ आहे का, आणि गोव्यात राहून सुरुवात कशी करावी?

निवृत्त प्राध्यापक, म्हापसे

एडझार्ड अर्न्स्ट यांचे उदाहरण पाहा. व्हिएन्नातील प्राध्यापकपद सोडून त्यांनी १९९३ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात पूरक वैद्यकाचे, म्हणजे होमिओपॅथी, अ‍ॅक्युपंक्चर यांसारख्या नेहमीच्या वैद्यकाबाहेरील उपचारांचे, अध्यासन स्वीकारले. तरुणपणी म्युनिकच्या होमिओपॅथी रुग्णालयात काम केलेले असल्यामुळे ते या उपचारांचे वैरी म्हणून आले नव्हते. पुढे अनेक उपचारांचा गुण नकली उपचारापेक्षा अधिक नाही असे आढळले तेव्हा त्यांनी तसे लिहिले, आणि सौम्य नैराश्यावर सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या बाजूने पुरावा दिसला तेव्हा तेही तितक्याच मोकळेपणाने लिहिले. याची किंमत त्यांनी मोजली; विद्यापीठाशी खटके उडाले आणि २०११ मध्ये ते मुदतीआधी निवृत्त झाले. उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तरी ते छापण्याची तुमची तयारी आहे का, हे मार्गदर्शकांना विचारण्याआधी स्वतःला विचारा.

फिजिओथेरपिस्ट, मडगाव

तुम्ही भौतिकशास्त्राच्या आहात, म्हणून आकड्यांतच सांगते. हृदयाभोवती चुंबकीय क्षेत्र असते आणि ते १९६३ मध्ये मोजलेही गेले. पण पृथ्वीच्या क्षेत्राच्या तुलनेत ते काही लाखपटींनी क्षीण आहे. तेव्हा ‘शरीरात ऊर्जा असते’ एवढ्यावरून ‘हाताने ती दुसऱ्याला देता येते’ हे सिद्ध होत नाही. अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने एक साधा प्रयोग केला. स्पर्शोपचारक म्हणजे रुग्णाला न शिवता त्याची ऊर्जा हाताला जाणवते असे म्हणणारे उपचारक. पडद्यातून हात बाहेर काढून बसलेल्या अशा उपचारकांच्या एका हातावर, न टेकवता, ती स्वतःचा हात धरी आणि तो कोणत्या हातावर आहे, हे त्यांना ओळखायला सांगे. २१ जणांनी २८० वेळा प्रयत्न केले. १२३ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी १४० च्या आसपास आली असती. हा निबंध १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला.

आत्यांचा गुडघा मात्र मोजता येईल. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून लिहीत जा. आम्ही रुग्णांच्या बाबतीत हेच करतो.

वैद्य, डिचोली

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत. तरी आत्यांना वाटणारा आराम खोटा समजू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के, भलत्याच जागी उथळ सुया टोचून ४४.२ टक्के, तर नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. म्हणजे सुईची जागा फारशी महत्त्वाची ठरली नाही, पण काहीतरी घडले खरे. ते काहीतरी म्हणजे अपेक्षा, विश्रांती की माणसाचे जवळ बसणे, हे उकलणे पीएच.डी.ला पुरून उरेल.

गोव्यात धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान आहे आणि बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडच्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. चाचणी कराल तेव्हा पहिला रुग्ण घेण्याआधीच ती भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंदवा, म्हणजे नकोसा निकाल दडवता येत नाही.

फोंड्याची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून वही घातली आहे. आत्याला विचारले, तिची हरकत नाही. शनिवारी बाई येण्याआधी आणि गेल्यावर सेकंद लिहायचे. बुधवारी बाई नसतात, तेव्हाही आत्या तसाच अर्धा तास डोळे मिटून पडणार आहे, आणि त्याचेही सेकंद मी लिहिणार आहे. धारगळला पुढच्या आठवड्यात जाते.