तज्ज्ञ-परीक्षण बाकी असलेल्या संशोधनाची बातमी कशी द्यावी?

प्रश्न
नमस्कार. विज्ञानाच्या बातम्यांचे संपादन करताना एक पेच वारंवार पडतो. इतर तज्ज्ञांकडून परीक्षण न झालेला शोधनिबंध सकाळी प्रीप्रिंट म्हणून येतो, दुपारपर्यंत समाजमाध्यमांवर पसरतो, आणि आपण थांबलो तर वाचकांच्या हाती केवळ अर्धवट माहिती लागते. अशी बातमी द्यावी का, आणि दिल्यास परीक्षण बाकी असल्याचे कुठे सांगावे?

प्रतिसाद १
पहिल्याच परिच्छेदात सांगावे; शेवटच्या ओळीपर्यंत फार थोडे वाचक पोहोचतात. मात्र तेवढ्याने भागत नाही. त्या संशोधनाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाला मूळ निबंध पाठवून त्यातील सर्वांत कच्चा दुवा कोणता, हे विचारायलाच हवे. जुलै २०२३ मध्ये एलके-९९ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक असल्याचा, म्हणजे विजेला मुळीच रोध करत नसल्याचा, दावा आला, तेव्हा चुंबकावर तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. पण त्या तुकड्याची एक कड चुंबकाला टेकलेली होती, आणि त्याबद्दल त्याच दिवशी विचारता आले असते. दाव्याचा दुसरा आधार असलेली विद्युतरोधातील अचानक घट कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीमुळे होती, हे इतर प्रयोगशाळांनी काही आठवड्यांतच दाखवून दिले.

प्रतिसाद २
सरसकट थांबणेही योग्य नाही, असे माझे ठाम मत आहे. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हा 'रिकव्हरी' या ब्रिटनमधील औषध-चाचणीचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी केवळ प्रसिद्धिपत्रकातून जाहीर झाला. प्रीप्रिंटसुद्धा नंतर आला. तो निष्कर्ष दडवून ठेवणे रुग्णांच्या जिवावर बेतले असते. परंतु श्वसनासाठी आधार न लागणाऱ्यांना या औषधाचा फायदा नाही, हेही त्याच पत्रकात होते, आणि हे वाक्य गाळणारी बातमी घरी बसलेल्या रुग्णाला स्टेरॉइड घ्यायला लावू शकते. उलट, कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाच्या वापराबद्दलचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध परीक्षण होऊनही, मूळ विदा (डेटा) पडताळता न आल्यामुळे, जून २०२० मध्ये मागे घ्यावा लागला.

प्रतिसाद ३
दोन्ही मुद्दे पटले. माझा आग्रह पाठपुराव्याचा आहे. प्रीप्रिंट बदलत राहतो, म्हणून बातमीत त्याची आवृत्ती आणि तारीख नोंदवावी. नव्या करोना विषाणूत एचआयव्हीशी साधर्म्य असलेले तुकडे आढळल्याचा जानेवारी २०२० अखेरचा प्रीप्रिंट लेखकांनी काही दिवसांतच मागे घेतला. अशा वेळी नवी बातमी तर द्यावीच, शिवाय जुन्या बातमीच्या माथ्यावरही तशी ठळक टीप टाकावी, कारण लोक पुढे पाठवत राहतात तो दुवा जुन्याच बातमीचा असतो.