आई-बाबांना जरूर घेऊन जा

'फुकटच्या कार्यक्रमाला आई-बाबांना कशाला दगदग', असं एकांचं म्हणणं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास या संगीत महोत्सवाबद्दल तरी हे पटत नाही (ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं एक प्रकारचं लोकसंगीत). ऑक्टोबरच्या सुरुवातीला, शुक्रवार ते रविवार, गोल्डन गेट पार्कमध्ये. तिकीट नाही. वॉरन हेलमन या धनिकाने 2001 मध्ये हे सुरू केलं. ते स्वतः गिटारसारखा बँजो वाजवायचे. 2011 मध्ये ते गेले, पण मागे पैशांची तजवीज करून गेले, म्हणून आजही चालू आहे. आपल्याकडे देवळातल्या उत्सवात गाणं सगळ्यांसाठी खुलं असतं, तसंच हे. वर्षानुवर्षं रविवारची सांगता प्रसिद्ध अमेरिकन गायिका एमीलू हॅरिस यांच्या गाण्याने होत आली आहे. असं ऐकायला इतरत्र चांगले पैसे मोजावे लागतात!

शनिवारी दुपारी फार गर्दी होते. वयस्कर मंडळी असतील तर शुक्रवारी जा, किंवा सकाळी लवकर जाऊन झाडाच्या कडेला सतरंजी टाका. गाडी नेऊच नका, एन-जुडा ट्राम घ्या आणि थोडं चाला. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं न्या. गार झाल्या तरी पुऱ्या छान लागतात, हातही फार बरबटत नाहीत. शेजारच्या सतरंजीवरचे लोक हमखास विचारतात, तेव्हा चार जास्तच घ्या. आईसाठी स्वेटर आणि कानटोपी मात्र हवीच. दुपारी कितीही ऊन असलं तरी चारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो.