शब्दचर्चा : 'शिक्षण', 'शिकवणी' की 'तालीम'?

मूळ प्रश्न

बी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. विषय आहे, भाषा शिकण्यात संगणक कसा आला आणि कसा बदलत गेला. पहिल्याच पानावर अडले आहे.

१९६० साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकप्रणाली सुरू झाली. पुढे तिच्यावर रशियन, फ्रेंच अशा भाषांचे धडे तयार झाले. यंत्र प्रश्न विचारायचं, विद्यार्थी उत्तर टंकायचा, आणि चूक की बरोबर हे यंत्र लगेच सांगायचं. अशा कामाला तेव्हा इंग्रजीत 'कॉम्प्युटर असिस्टेड लँग्वेज इन्स्ट्रक्शन' म्हणत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातला 'इन्स्ट्रक्शन' जाऊन 'लर्निंग' आला, कारण पहिल्या शब्दात सगळा भार शिकवणाऱ्यावर होता. बदलला एकच शब्द, पण माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घटना तीच.

मराठीत मात्र दोन्ही नावांचं भाषांतर 'संगणक-साहाय्यित भाषाशिक्षण' असंच होतं. 'मुलीचं शिक्षण चालू आहे' म्हणतो तेव्हा मुलगी शिकत असते. 'शिक्षण देणं' म्हणतो तेव्हा दुसरं कोणी शिकवत असतं. एकाच शब्दात दोन्ही बाजू मावतात, त्यामुळे इंग्रजीत झालेला बदल मराठी वाचणाऱ्याला दिसतच नाही.

'अध्यापन' आणि 'अध्ययन' ही जोडी आहे, मला माहीत आहे. पण वर्गात बोलताना दोन्ही शब्द इतके सारखे ऐकू येतात की विद्यार्थी पाठ टाचणात एकाच्या जागी दुसरा सहज लिहितात. मला बोलण्यातले, कानाला वेगळे वाटणारे शब्द हवेत. कोणी सुचवाल का?

प्रतिसाद (राजारामपुरी, निवृत्त शिक्षिका)

ताई, पहिल्यासाठी शब्द आपल्या घरातच आहे : 'शिकवणी'. तिथे शिकवणारा ठरलेला असतो, वेळ ठरलेली असते, आणि काय शिकायचं तेही त्यानेच ठरवलेलं असतं. संगणकाच्या त्या पहिल्या धड्यांचं तुम्ही केलेलं वर्णन वाचलं तर ती शिकवणीच होती. 'संगणकाची शिकवणी' म्हटलं की कोणालाही कळेल.

माझी एक आठवण सांगते. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी संगणकाची योजना आणली, तिच्यात बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले. नंतर काही वर्षांनी मी ज्या शाळेत होते तिथेही एक संगणक आला. खोलीला कुलूप, संगणकावर कापडी झाकण, आणि मुलांनी चपला बाहेर काढून आत जायचं. आम्ही भाषेचे शिक्षक त्या खोलीत कधी गेलोच नाही. तो 'कॉम्प्युटरचा तास' होता, मराठीचा किंवा इंग्रजीचा नव्हे. त्यावर भाषा शिकता येते हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं असतं तर माझ्या वर्गातल्या अबोल मुलांचं किती भलं झालं असतं, याची अजून हळहळ वाटते.

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

मॅडम, शिकवणी पटली. पण दुसऱ्या शब्दासाठी तुम्ही लांब कुठं शोधताय? आपण कोल्हापूरकर. 'तालीम' म्हणा की!

मी लहानपणी तालमीत जात होतो म्हणून सांगतो. वस्ताद हौद्याच्या कडेला उभे असायचे. डाव एकदा दाखवायचे, दोनदा दाखवायचे. पण डाव अंगात मुरायचा तो जोडीच्या पोराबरोबर माती खाऊन. वस्ताद शिकवायचे हे खरंच, पण शिकायचं ते आमचं आम्हालाच. भाषेचंही तसंच आहे की.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, तुमच्या शब्दाने मला रात्री कोश उघडायला लावला. 'तालीम' मुळात अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ 'शिकवणं'! 'इल्म' म्हणजे ज्ञान, त्याच धातूचं हे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला ज्ञान करून देणं. स्वतः शिकण्याला अरबीत 'तअल्लुम' असा वेगळा शब्द आहे. म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूचा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथे शिकणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसला. आज मराठीत तालीम म्हणजे मेहनतीची जागा, नाहीतर नाटकाचा सराव. दोन्हीकडे घाम शिकणाऱ्याचा.

इंग्रजीतला जो बदल मला दाखवायचा आहे, तोच आपल्या भाषेत एका शब्दाच्या पोटात केव्हाच होऊन गेला आहे. फार आनंद झाला.

प्रतिसाद (शाहूपुरी, अनुवादक)

जरा थांबा. हिंदी-उर्दूत 'तालीम'चा जुना अर्थ अजून जिवंत आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेली गांधीजींची 'नई तालीम' म्हणजे नवं शिक्षण, नवा आखाडा नव्हे. तुमची टिपणं महाराष्ट्राबाहेर वाचली जाणार नसतील तर हरकत नाही, पण एका ओळीत खुलासा द्या.

दुसरं असं की 'तालीम' हा शब्द नव्या टप्प्यापेक्षा जुन्यालाच जास्त शोभतो. टेपरेकॉर्डरच्या काळाचा विचार करा. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली, १९५८ च्या कायद्याने परकीय भाषांच्या शिक्षणासाठी पैसा आला आणि शाळाशाळांत 'लँग्वेज लॅब' उभ्या राहिल्या. कानाला हेडफोन लावून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं. इंग्रजीत त्याला ड्रिल म्हणत. मराठीत ती तालीम किंवा सरळ 'घोकणं'. प्लेटोवरच्या धड्यांतही असा सराव पुष्कळ होता. मग 'तालीम' नक्की कोणाला म्हणायचं?

मूळ प्रश्नकर्ती

सर, आक्षेप रास्त आहे, पण घोकणं आणि तालीम यांत मला फरक वाटतो. घोकताना समोर कोणी लागत नाही. 'घोका आणि ओका' म्हणतो त्यात दुसरा माणूसच नाही. तालमीत समोर जोड असतो, तो तुमच्या डावाला उत्तर देतो. टेप उत्तर देत नव्हती, म्हणून ते घोकणं. प्लेटो उत्तर देत होता, पण वस्तादासारखा : हे बरोबर, हे चूक. समोरचा जोड होणं संगणकाला नंतर जमलं.

संगणकाने भाषा शिकण्याचे ब्रिटनमधले अभ्यासक जॉन हिगिन्स यांनी १९८०च्या दशकात नेमकी हीच गोष्ट दोन माणसांच्या रूपकातून मांडली. एक 'मॅजिस्टर', सगळं ठरवणारा गुरुजी. दुसरा 'पेडगॉग'. प्राचीन ग्रीसमध्ये मुलाला शाळेत नेणारा-आणणारा जो घरचा गुलाम असे, तो. मुलाने विचारलं तर सांगायचं, नाहीतर गप्प मागून चालायचं. हिगिन्स यांचं म्हणणं, संगणकाने पेडगॉग व्हावं. मॅजिस्टरला मी 'पंतोजी' योजलंय. पेडगॉगला काय म्हणू?

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

'गडी' म्हणा. घरचा गडी म्हणजे नोकर, आणि खेळातला गडी म्हणजे आपल्या बाजूचा खेळाडू. सवंगडी त्यातलाच. हाताखालचा पण आणि बरोबरीचा पण. पंतोजी आणि गडी, जोडी झक्कास बसली बघा.

प्रतिसाद (राजारामपुरी, निवृत्त शिक्षिका)

गडी फारच छान! आणि लँग्वेज लॅबला आपण 'भाषा प्रयोगशाळा' म्हणतो, ते मला कधीच पटलेलं नाही. नाटकाच्या भाषेत आधी तालीम, मग प्रयोग. हेडफोन लावून बसायची ती खोली तालमीची. प्रयोग होतो महाद्वार रोडवर, परगावचा माणूस रस्ता विचारतो तेव्हा.

प्रतिसाद (शाहूपुरी, अनुवादक)

जोड आणि घोकणं यांतला फरक मान्य. टिपणांत एक टप्पा सुटू देऊ नका. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात भाषा शिकवणाऱ्या टिम जॉन्स यांनी विद्यार्थ्यांपुढे नियम ठेवण्याऐवजी वाक्यं ठेवली. संगणकाला एक शब्द द्यायचा, तो शब्द जिथे जिथे आला त्या सगळ्या ओळी एकाखाली एक येतात, शब्द बरोबर मधोमध. नियम विद्यार्थ्याने शोधायचा. आपण आत्ता 'शिक्षण' आणि 'तालीम' यांचं जे केलं तेच. मराठीसाठी असं साधन उशिरा शक्य झालं, कारण आधी अक्षरांचाच प्रश्न होता. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणकावर काम करणारी सरकारी संस्था स्थापन झाली, भारतीय लिप्या पडद्यावर आणणारं तिथलं जिस्ट तंत्रज्ञान, भारतीय अक्षरांना संगणकात क्रमांक देणारं १९९१ चं इस्की मानक, मग जगभरच्या लिप्यांसाठीचं युनिकोड. पडद्यावर जोडाक्षर नीट उमटेपर्यंत इंग्रजी शिकणारी मुलं कितीतरी पुढे गेली होती. सी-डॅकच्याच 'लीला'चाही उल्लेख करा. हिंदी शिकवणारं सॉफ्टवेअर आहे, प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ अशा पायऱ्यांचं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळं टिपून घेतलं. शेवटच्या भागासाठी मीच एक शब्द ठरवलाय, तो तपासा. भाषाशिक्षणाचे ब्रिटिश अभ्यासक स्टीफन बॅक्स यांनी २००३ मध्ये लिहिलं की तंत्र जेव्हा पेनासारखं, घड्याळासारखं वापरात मुरून दिसेनासं होईल तेव्हाच ते भाषावर्गात खरं रुजलं. त्यांच्या 'नॉर्मलायझेशन'ला मराठीत 'सामान्यीकरण' लिहिलेलं पाहिलं, पण आपल्याकडे तो शब्द उदाहरणांवरून नियम काढण्याला आधीच दिलेला आहे. मी 'अंगवळणी पडणं' लिहितेय. अंगाला वळण लागलं की अंग विसरायला होतं.

आणि एक निरीक्षण. आम्ही 'संगणकावर शिकलो' म्हणायचो, जसं टाइपरायटरवर, पेटीवर. मग 'ॲपमधून शिकले' आलं. परवा वर्गात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी हे एआयकडून शिकले." 'कडून' आपण शिकण्याच्या बाबतीत माणसासाठी राखून ठेवलं होतं. आईकडून शिकले, वस्तादाकडून शिकलो. तिला मी दुरुस्त केलं नाही. तुम्ही केलं असतं का?

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

नसतं केलं. पण विचारलं असतं, 'एआयशी बोलून' शिकलीस का 'एआयकडून'? 'शी' आलं तर समोर जोड आहे. 'कडून' आलं तर परत वस्ताद आला.

प्रतिसाद (राजारामपुरी, निवृत्त शिक्षिका)

उद्या नातवाला विचारते तो कोणता प्रत्यय लावतो, आणि इथे लिहिते.