ट्रिपल निगेटिव्ह स्तनाचा कर्करोग: 'टीआयएल'चा टक्का मोजायचा कसा, आणि तो पाहून उपचार बदलतो का?

पॅथ_निवासी:
कोअर बायोप्सी (सुईने काढलेला तुकडा), ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि हर२ हे तिन्ही नसलेला), ग्रेड ३. गाठीच्या एका कडेला लिम्फोसाइटची (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) दाटी, बाकी ठिकाणी तुरळक. एकाच स्लाइडवर टीआयएल (गाठीत शिरलेले लिम्फोसाइट) एकाने ६० टक्के लिहिले, दुसऱ्याने २०. एवढा फरक कशाने? सीडी८चं (मारक टी-पेशी ओळखणारं) स्टेन मागवावं का? शिवाय ऑन्कॉलॉजीवाले विचारतात, टीआयएल जास्त असतील तर इम्युनोथेरपी द्यायची का.

मायक्रोटोम:
फरक बहुतेकदा भागाकाराच्या छेदात असतो. 'एकूण पेशींपैकी किती लिम्फोसाइट' हा प्रश्नच नाही. छेदात गाठीच्या हद्दीतल्या स्ट्रोमाचं (कर्करोगाच्या पेशींमधल्या आधार-ऊतीचं) क्षेत्रफळ, अंशात त्यातलं लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींनी व्यापलेलं क्षेत्रफळ. गाठीच्या पेशींच्या पुंजक्यांत घुसलेले लिम्फोसाइट यात धरत नाहीत, न्यूट्रोफिलही नाहीत.

४-५ मायक्रॉनचं साधं एच अँड ई (नेहमीचं गुलाबी-निळं स्टेन) पुरतं, सीडी८ नको. आधी लो पॉवरवर इन्व्हेझिव्ह (आजूबाजूच्या ऊतीत शिरलेल्या) गाठीची हद्द ठरवा. हद्दीबाहेरचं, डीसीआयएस (नळीतच राहिलेला कर्करोग) आणि नॉर्मल लोब्यूलभोवतीचं, नेक्रोसिस (मेलेली ऊती), हायलिन झालेला भाग आणि आधीच्या बायोप्सीची जागा वगळा. मग २०० ते ४०० पटीवर वेगवेगळी फील्ड बघून सरासरी काढा. ६० लिहिणाऱ्याने बहुधा दाटीचाच भाग धरला. हॉटस्पॉट मोजायचा नसतो.

उलटी चूकही होते. लिम्फोसाइट भिंतीसारखे सलग बसत नाहीत, त्यामुळे १०० टक्क्यांतही पेशींमध्ये थोडी मोकळी जागा दिसते. ती वजा करत बसलात तर आकडा उगाच खाली येतो. आणि कोअर चिरडला असेल तर काळे, ओढले गेलेले न्यूक्लियस कोणाचे ते सांगता येत नाही. तो भाग सोडा.

केमोवाला_डॉक:
उपचाराचं बोलू. टीआयएल हा प्रामुख्याने पुढचा अंदाज देणारा आकडा आहे, औषध चालू-बंद करायचं बटण नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या केमोबद्दल २०१८ साली ३,७७१ रुग्णांचं एकत्रित विश्लेषण आलं. ट्रिपल निगेटिव्हमध्ये पीसीआर (कोविडवाला नव्हे, केमोनंतर स्तनात आणि काखेत इन्व्हेझिव्ह कर्करोग न उरणं) टीआयएल ० ते १० असताना ३१ टक्के, ११ ते ५९ असताना ३१ टक्केच, आणि ६० किंवा जास्त असताना ५० टक्के. म्हणजे तुमच्या २० आणि ६० च्या वादात रुग्णाचा गटच बदलतो.

पण पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) द्यायचं का, हे त्यावरून ठरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांच्या कीनोट-५२२ चाचणीत केमोसोबत ते दिल्यावर पीसीआर ५१.२ वरून ६४.८ टक्क्यांवर गेला, आणि फायदा पीडी-एल१ (प्रतिकारपेशींना रोखणारं प्रथिन) पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोघांनाही झाला. कर्करोग पसरलेला असेल तर मात्र पीडी-एल१ बघावंच लागतं: २२सी३ अँटिबॉडी, सीपीएस (पीडी-एल१चा एकत्रित गुणांक) १० किंवा जास्त.

चौकस_नाशिक:
मग टीआयएल भरपूर असतील तर केमो टाळता येईल ना? लहान गाठ असेल तर?

केमोवाला_डॉक:
अजून नाही. केमो न मिळालेल्या १,९६६ रुग्णांची आकडेवारी २०२४ मध्ये आली. कर्करोग पहिल्या टप्प्यात (स्टेज १) आणि टीआयएल ५० किंवा जास्त असणाऱ्यांपैकी ९४ टक्के जणी पाच वर्षांनी दूरच्या प्रसाराशिवाय होत्या. ३० पेक्षा कमी असणाऱ्यांत ७८ टक्के. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण ती जुन्या नोंदींवरची पाहणी आहे. केमो द्या किंवा देऊ नका अशी चिठ्ठी टाकून केलेली चाचणी नव्हे. नियोजित चाचणीबाहेर या भरवशावर केमो काढू नये.

टी_पेशी:
एक पुस्ती. 'लिम्फोसाइट जास्त म्हणजे चांगलं' हे सगळीकडे चिकटवू नका. त्याच २०१८ च्या विश्लेषणात हार्मोन पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह गाठींत टीआयएल वाढले तसा पीसीआर ६ वरून २८ टक्क्यांवर गेला, पण एकूण आयुर्मान कमी निघालं. एच अँड ईवर सगळे लिम्फोसाइट सारखेच निळे दिसतात. मारक सीडी८ कोणते आणि आवर घालणाऱ्या फॉक्सपी३ पेशी कोणत्या, हे त्यावर कळत नाही.

जागाही महत्त्वाची. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात इम्युनोस्कोर काढताना सीडी३ आणि सीडी८ गाठीच्या मध्यभागी आणि आक्रमक कडेवर वेगवेगळे मोजतात. कडेवर दाटी आणि आत शुकशुकाट असेल, तर पेशी पोहोचल्या पण शिरू शकल्या नाहीत. स्तनाच्या टीआयएलची आणि इम्युनोस्कोरची पद्धत एकत्र कालवू नका.

पॅथ_निवासी:
स्पष्ट झालं. रिपोर्टात ओळ कशी लिहू? 'कमी/मध्यम/जास्त' चालेल?

मायक्रोटोम:
टक्काच लिहा, गट नको. गटांच्या सीमा प्रत्येक अभ्यासात वेगळ्या. उदा. "स्ट्रोमल टीआयएल: ३० टक्के, एच अँड ई, कोअर बायोप्सी, केमोपूर्व, वितरण असमान, कडेला दाट." 'केमोपूर्व' विसरू नका. केमोनंतर उरलेल्या गाठीतल्या टीआयएलचा अर्थ वेगळा लागतो, तिथे हे कटऑफ चालत नाहीत. आणि दोघांच्या आकड्यांत एवढी तफावत असेल तर एकाच मल्टिहेड मायक्रोस्कोपवर बसून आधी हद्द जुळवा, मग टक्का.