कापूस वेचताना साखर का उतरते?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): माझे वडील मधुमेहाची गोळी घेऊन वेचणीला जातात आणि दुपारपर्यंत त्यांना घाम फुटून हातपाय थरथरू लागतात. मी तेवढेच काम उपाशीपोटी करूनही ठीक असतो. असे का व्हावे?

पहिले उत्तर: काम सुरू होताच स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात, निरोगी शरीरात त्याच वेळी स्वादुपिंड इन्सुलिन कमी करून ग्लुकागॉन (साखर वाढवणारे संप्रेरक) वाढवते आणि यकृत आपल्या साठ्यातील, साधारण १०० ग्रॅम असलेले, ग्लायकोजेन (साखरेचा साठवलेला प्रकार) फोडून ती तूट भरून काढते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतात, त्यामुळे यकृताचा हात आखडतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीने, ती एकटीच घेतल्यास, असे क्वचितच घडते.

दुसरे उत्तर: पोती उचलण्यासारख्या जोरकस कामात ॲड्रेनलिनमुळे साखर उलट वाढूही शकते, म्हणून अंदाज न बांधता ग्लुकोमीटरवर पाहावे. ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग भाकर खाऊ घालावी. गोळीची मात्रा डॉक्टरांनीच बदलावी.

प्रश्नकर्ता: पाकीट पाहिले, ग्लिमेपिराइडच आहे. उद्या दवाखान्यात नेतो.